कोरडं वजन

बाजार समितीच्या कांदा-बटाटा गाळ्यांत
एकतीस वर्षं मी काटे तपासतो आहे.
वजनावर मुद्रा मारायची, तिमाही कोरायची,
व्यापाऱ्याचा चहा नाकारायचा.
लबाड काटा मला दुरून कळतो :
माल ठेवायच्या आधीच तो थोडा झुकलेला असतो.

त्यामुळे असेल,
नेरुळात सेक्टर वीसच्या घरगुती प्रार्थनेत
पाळकसाहेब भांबळ म्हणाले,
"बुद्धी बाहेर ठेवून या, चपलांजवळ,"
तेव्हा सगळे हसले, रूथसुद्धा,
आणि मी दाराकडे पाहिलं.
माझी नऊ नंबरची चप्पल तिथं उलटी पडली होती.
उपासना संपेपर्यंत लक्ष तिच्यातच.

रूथचं क्रिएटिनिन तेव्हा सहा पूर्णांक दोन.
मंडळीनं तीन दिवस उपास केला.
मग आठ झालं.
जिन्यात कुणीतरी विचारलं,
"भाऊ, मनापासून मागितलंत ना?"

मनापासून.
या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.
मनाला पटत नाही, तेव्हा ते हिशेब मागत असतं.
मन भरून येतं, तेव्हा हिशेब बुडालेला असतो.
दोन्हीकडे तेच एक मन,
एकाच गाळ्यावर दोन पाट्या लावल्यासारखं.
आज्ञेत तरी बुद्धी वेगळी सांगितली आहे, नावानिशी.
राहुरीच्या शाळेत पाठ म्हणताना
मी नेमका तिथं अडखळायचो
आणि गुरुजी खिडकीबाहेर बघत पुरवायचे,
"बुद्धीनं, रत्नाकर, बुद्धीनं."

सानपाड्याच्या डायलिसिस केंद्रात
सुई टोचायच्या आधी वजन घेतात, काढल्यावर पुन्हा.
मधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी.
ते निघून गेल्यावर जे उरतं
त्याला कोरडं वजन म्हणतात.
रूथचं अठ्ठेचाळीस किलो.
चार तास ती डोळे मिटून स्तोत्रं म्हणते, ओठांतल्या ओठांत.
शेजारच्या खाटेवर घोसाळकर क्रिकेट बघतात.
मी काट्याकडे बघतो.

काटा चुकत होता.
तिसऱ्या आठवड्यात खात्री झाली.
बुधवारी कार्यालयातली तपासणीची वजनं,
विसाची दोन, पाचाचं एक, बाकी चिल्लर,
भाजीच्या पिशव्यांत घालून रिक्षानं नेली.
हे नियमात बसत नाही.
जिना चढताना पाठीत उसण भरली.
काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता.
म्हणजे दर खेपेला तिला
कोरड्याच्याही खाली पिळत होते.
रात्री पायांत येणारे गोळे ते हे.

सिस्टर मर्सी म्हणाली, "अंकल, चारशेच तर."
मला बोलता येईना.
प्लास्टिकच्या स्टुलावर बसून रडलो,
मांडीवर पाच किलोचं वजन.
घोसाळकरांनी आवाज बारीक केला.

घरी रूथ म्हणाली,
"गोळे जावेत म्हणून मी मागत होते."
"काटा बिघडला होता, रूथ."
"हो," ती म्हणाली.
तो हो कुठल्या पारड्यात टाकायचा
मला अजून ठरवता आलेलं नाही.
पाळकसाहेबांना यातलं काही सांगितलं नाही.
त्यांनी साक्ष द्यायला उभं केलं असतं,
आणि मी उभा राहिलो असतो.

आता रोज रात्री,
खिडकीतून खाडीच्या ओहोटीचा वास येतो तेव्हा
तिच्या डाव्या हाताच्या फिस्च्युलावर
मी दोन बोटं ठेवतो.
डॉक्टरांनी शिकवलंय : थरथर लागली म्हणजे रक्त वाहतंय.
काडेपेटीत भुंगा ठेवल्यासारखी ती लागते.
कधी पटकन लागत नाही.
बोटं सरकवतो, श्वास धरतो.
तिचे ओठ हलत असतात, मी आकडे मोजत असतो.
"आहे का?" ती विचारते.
"थांब."
खाली वॉचमनची काठी फरशीवर वाजते.
"आहे," मी म्हणतो,
आणि हात लगेच काढत नाही.